रेकॉर्ड धुण्याचे व्हॅक्युम यंत्र : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

जुन्या मालाच्या धंद्यात असलेल्या आमच्या व्यापारी बंधूंकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ग्रामोफोनच्या रेकॉर्डी धुण्याचे व्हॅक्युम यंत्र घ्यावे काय, आणि घ्यायचे तर कोणते? प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीट असो की पुण्याचा जुना बाजार, एकेकाळी रद्दीबरोबर गठ्ठ्याने येणारा हा माल आता नगावर विकला जातो. परदेशातही वारे बदलले आहे. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डींच्या विक्रीची रक्कम सीडीच्या विक्रीपेक्षा जास्त झाली. १९८६ नंतर असे प्रथमच घडले. पुढे २०२२ मध्ये विकलेल्या नगांच्या संख्येतही रेकॉर्डींनी सीडीला मागे टाकले. तिकडची मागणी वाढली की इकडच्या जुन्या कव्वालीला, चित्रपटगीतांना आणि खाँसाहेबांच्या गायकीलाही गिऱ्हाईक येते.

संगीत ऐकावे की ऐकू नये याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, हे आम्हास ठाऊक आहे. हे पान व्यापाराचे आहे, त्या वादात आम्ही पडत नाही. ज्यांची रोजी या मालावर आहे त्यांच्यासाठी हा मजकूर.

यंत्राकडे वळण्यापूर्वी एक हकीकत सांगणे भाग आहे, कारण तिच्यात आमचाही दोष आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका स्नेह्यांनी एका जुन्या घरातून ७८ फेऱ्यांच्या चाळीसएक रेकॉर्डी उचलल्या. घरातील बुजुर्ग वारले होते, मुलांना जागा रिकामी करायची होती. माल उत्तम होता. पुण्याहून आलेल्या एका संग्राहकाने तो पाहिला, विसार दिला आणि म्हणाला, "भाई, फक्त स्वच्छ करून ठेवा, पुढच्या आठवड्यात घेऊन जातो." आमच्या स्नेह्यांनी औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणले, मलमलचा तुकडा घेतला आणि पुसायला बसले. फडके काळेकुट्ट झाले. "पाहा, किती मळ निघतो आहे," असे ते आम्हास कौतुकाने दाखवीत होते आणि आम्हीही समोर बसून मान डोलावीत होतो. पाच-सहा रेकॉर्डी झाल्यावर उजेडात धरून पाहिले तेव्हा त्यांची चकाकी गेलेली, अंगावर राखाडी ओरखड्यांचे पट्टे. तो मळ नव्हताच. रेकॉर्डच फडक्यावर उतरत होती. विसार परत करावा लागला आणि गिऱ्हाईक गेले ते गेलेच.

ही चूक लाखेचे काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराने केली नसती. मिरजेचे सतारमेकर किंवा आमचे फर्निचर पॉलिशवाले बंधू रोज काय करतात? लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि त्याचा हात लाकडावर मारतात. ७८ ची रेकॉर्ड याच लाखेची बनते. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून गरम साच्यात दाबली की झाली तबकडी. लाख जर स्पिरिटमध्ये विरघळते, तर लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने पुसणे म्हणजे चढवलेले पॉलिश उतरवण्यासारखेच. तेव्हा यंत्र पाचशेचे असो की पन्नास हजारांचे, त्यात काय ओतायचे हे आपल्या मालावर ठरते. म्हणून आधी माल ओळखू.

लाखेची आणि व्हिनाइलची

व्हिनाइलची लाँग प्ले रेकॉर्ड अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीने १९४८ साली बाजारात आणली. ती मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास, नेमके सांगायचे तर ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. पुढल्याच वर्षी आर.सी.ए. व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान रेकॉर्ड काढली. या दोन्ही वाकतात, वजनाला हलक्या असतात, नखाने टिचकी मारली तर बोदा आवाज येतो. ७८ ची जड असते, वाकत नाही, पडली तर चिनी मातीच्या बशीसारखी फुटते आणि टिचकीचा आवाजही बशीसारखाच येतो. वाकवून पाहण्याचा प्रयोग मात्र करू नये, ते पाहणे शेवटचे ठरेल.

केवळ सालावरून अंदाज बांधू नये. युरोप-अमेरिकेत लाखेच्या रेकॉर्डी मागे पडल्यावरही आपल्याकडे त्या निघतच होत्या, कारण चावीचा ग्रामोफोन वीज नसलेल्या गावातही वाजत असे. बीटल्स या इंग्रज मंडळींची गाणीसुद्धा साठच्या दशकात भारतात ७८ च्या तबकडीवर निघाली होती आणि संग्राहक आज त्या शोधत फिरतात. तेव्हा लेबलावर ७८ दिसले की लाख समजावी आणि स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण दूर ठेवावे. तयार मिळणाऱ्या परदेशी बाटल्यांवरही बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलेले असते, ते वाचूनच झाकण उघडावे. कधीकधी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा थर दिलेल्या, घरगुती किंवा स्टुडिओत कापलेल्या रेकॉर्डी हाती येतात. कडेला किंवा मधल्या भोकात धातू दिसतो. त्या एकमेव प्रती असू शकतात. त्यांना ना पाणी लावावे, ना यंत्रावर चढवावे, जाणकाराला दाखवावे.

यंत्र नेमके काय करते

पुष्कळांचा समज असा की यंत्राचा ब्रश मळ काढतो. ब्रश मळ सुटा करतो एवढेच, तो तर आपण हातानेही फिरवू शकतो. यंत्राचे खरे काम त्यानंतरचे आहे. मळलेले पाणी वाळण्यापूर्वी ते रेकॉर्डवरून ओढून घेणे.

लाँग प्लेच्या एका बाजूवर वीस मिनिटांचे गाणे असेल तर तबकडी सुमारे ६६७ फेरे घेते. सरासरी फेऱ्याचा घेर धरला तर सुई चारशे मीटरहून जास्त अंतर चालते. हा सगळा एकच चर आहे, केसाएवढ्या रुंदीचा, आत वळत गेलेला. त्यात पन्नास वर्षांची धूळ, उदबत्तीचा धूर, तेलकट बोटे आणि पावसाळ्यातली बुरशी बसलेली. आपण ओल्या फडक्याने पुसतो तेव्हा वरचा मळ पाण्यात मिसळून चरात उतरतो. पाणी उडून जाते, मळ तिथेच राहतो, आता तर लेपासारखा घट्ट बसतो. साबण लावलेला कपडा न खळबळता दोरीवर टाकला तर जे होते तेच. म्हणूनच पुष्कळदा पुसलेली रेकॉर्ड दिसायला चकचकीत आणि वाजायला पूर्वीपेक्षा खरखरीत असते. पुसणाऱ्याला त्याचे नवल वाटते.

व्हॅक्युम यंत्रात एक मोटार हवा ओढते. ही हवा एका अरुंद फटीतून आत जाते आणि फट रेकॉर्डला जवळजवळ टेकलेली असते. फट जितकी अरुंद तितका हवेचा वेग जास्त आणि हा वेगच चराच्या तळातले पाणी मळासकट उचलतो. फटीच्या दोन्ही कडांना मखमलीच्या पट्ट्या असतात, म्हणजे रेकॉर्डला ओरखडा जात नाही आणि फट बंदही राहते. ओढलेले पाणी खालच्या टाकीत जमते. तत्त्व एवढेच आहे, बाकी सारा पेटीचा आणि नावाचा खर्च.

बाजारातील प्रकार

या यंत्रांची सुरुवात इंग्लंडमध्ये कीथ मंक्स यांच्या यंत्राने साठ-सत्तरच्या दशकांच्या सांध्यावर झाली. नभोवाणी केंद्रे आणि ग्रंथालये ती वापरीत. त्यात फटीऐवजी एक बारीक नळी रेकॉर्डवरून सरकत जाते आणि नळीच्या टोकाशी असलेला दोरा प्रत्येक वेळी थोडा पुढे ओढला जातो, म्हणजे रेकॉर्डला नेहमी कोरा दोरा लागतो. काम अप्रतिम, किंमत तशीच. दिवसाला पंचवीस रेकॉर्डी काढणाऱ्या दुकानदारास हा वेगही परवडत नाही.

फटीच्या यंत्रांत अमेरिकेचे व्ही.पी.आय., हॉलंडचे ओक्की नोक्की, ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टची व्ही.सी. मालिका ही नावे आपल्याकडच्या संग्राहकांत माहितीची आहेत. यांत रेकॉर्ड वर तोंड करून फिरते आणि शोषणारी दांडी वरून खाली येते. ओक्की नोक्की आणि प्रो-जेक्ट दोन्ही दिशांनी फिरतात. हे उपयोगाचे आहे, कारण उलट फिरवून ब्रश मारला की चराच्या दुसऱ्या भिंतीचा मळही सुटतो. रेकॉर्ड डॉक्टर आणि जुन्या निट्टी ग्रिट्टी यंत्रांत फट खालच्या बाजूस असते, रेकॉर्ड पालथी ठेवावी लागते. रेकॉर्ड डॉक्टरच्या साध्या नमुन्यांत ती हाताने फिरवावी लागते. स्वस्त आणि आकाराने लहान आहे, पण मनगटाचा व्यायाम होतो. महिन्याला वीस-पंचवीस रेकॉर्डी विकणाऱ्यास एवढे यंत्र पुरते, त्याने मोठ्याचा हव्यास धरू नये.

स्पिन-क्लीन किंवा क्नोस्टी यांसारखी हौदाची साधनेही मिळतात. त्यांत शोषण नाही, रेकॉर्ड पाण्यात बुडवून ब्रशमधून फिरवायची आणि बाहेर वाळवायची. पहिल्या पाच रेकॉर्डींना ठीक, विसाव्या रेकॉर्डला मात्र आधीच्या एकोणीस जणींचे पाणी लागते. अल्ट्रासॉनिक यंत्रांबद्दलही विचारणा होते. त्यांचा गुण मोठा आहे, पण किंमतही मोठी, आणि आमच्या मते ती ७८ च्या मालासाठी नव्हेत.

घेताना एक गोष्ट विसरू नये. अमेरिकेतून कोणी पाहुण्याबरोबर यंत्र मागवले आणि ते तिकडच्या ११० ते १२० व्होल्टचे निघाले तर आपल्या २३० व्होल्टच्या वायरीला लावताच मोटार जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, परंतु तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची असल्याने काही मोटारींचा फिरण्याचा वेगही बदलतो. आखातात नोकरीस असलेल्या भावाकडून मागवायचे असेल तर २२०-२४० व्होल्टचा नमुना स्पष्ट लिहून कळवावा. आणि मखमलीच्या पट्ट्या सुट्या मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारावे. पट्ट्या न मिळणारे यंत्र वर्षभराने शोभेचे राहते.

आपल्या हाताने करता येईल काय

आमच्या वाचकांत फॅब्रिकेटर, मोटार वाइंडिंगवाले, खरादीवाले पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही म्हणू की हे यंत्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. पाणी ओढू शकणारा ओला-सुका व्हॅक्युम क्लीनर, एक बंद तोंडाची नळी, तिच्यात कापलेली फट, दोन्ही कडांना मखमल आणि रेकॉर्ड फिरवायला जुन्या टर्नटेबलची थाळी किंवा बेअरिंगवरची चकती. घरचा साधा, फक्त धूळ ओढणारा क्लीनर कदापि लावू नये. पाणी थेट मोटारीत जाते आणि विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. दोहोंच्या मध्ये पाणी अडवणारी बरणी बसवली तरी ती भरल्यावर कोण पाहणार?

फटीची लांबी हा कळीचा मुद्दा आहे आणि तयार यंत्र घेणाऱ्यांनीही तो समजून घ्यावा. बारा इंची रेकॉर्डवर चरांचा पट्टा मध्यबिंदूपासून साधारण सहा सेंटिमीटरवर संपतो आणि साडेचौदाच्या पुढे सुरू होतो, म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटरची फट लागते. ७८ च्या बहुतेक रेकॉर्डी दहा इंची असतात. त्यांवर हीच फट ठेवली तर बाहेरचे टोक कडेच्या पलीकडे उघडे पडते. हवा सोप्या वाटेने जाते, म्हणजे उघड्या टोकातून, आणि रेकॉर्डवरचे पाणी जागच्या जागी राहते. शिवाय ७८ चे चर लेबलाच्या अधिक जवळ जातात, तिकडचा भाग कोरडा होतच नाही. म्हणून दहा इंचीसाठी आणि सात इंचीसाठी वेगळी दांडी हवी. तयार यंत्रांसाठी अशा दांड्या सुट्या विकत मिळतात. ज्याच्याकडे दहा इंचीची दांडी मिळत नाही ते यंत्र ७८ च्या व्यापाऱ्याने घेऊ नये, मग ते कितीही नामांकित असो.

पाणी आणि औषध

नळाचे पाणी चालत नाही. पाण्यातील क्षार वाळल्यावर चरात पांढरे कण होऊन बसतात, मराठवाड्यातील बोअरच्या पाण्याने तर खात्रीने. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. बॅटरीच्या दुकानात मिळते ते पाणीच आहे ना, की बॅटरीत घालायचे ॲसिड, हे लेबल वाचून घ्यावे. दोन्हींचे कॅन दुकानात शेजारीशेजारी असतात.

नुसते पाणी व्हिनाइलवर थेंबाथेंबाने गोळा होते, चरात उतरत नाही. त्यासाठी ओलावा पसरवणारे औषध लागते. फोटो धुणाऱ्यांचे कोडॅक फोटो-फ्लो किंवा इलफर्डचे इलफोटॉल यासाठी अनेक जण वापरतात. लिटरभर पाण्यात काही थेंब पुरेत. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आपल्या रेकॉर्डींसाठी शुद्ध पाण्यात टर्जिटॉल नावाचे असेच औषध वापरत आली आहे. आपल्या घरातील भांड्यांचा साबण नको, त्यात रंग, वास आणि हातांना मऊ ठेवणारे तेलकट पदार्थ असतात, तेच चरात राहतात.

व्हिनाइलवरची बोटांची चिकट चरबी काढण्यासाठी काहीजण पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात. हे मद्यातील अल्कोहोल नव्हे, पोटात गेल्यास विषारी आहे. तरीही ज्यांचे मन घेत नाही त्यांनी ते वापरू नये. आमच्या अनुभवात चांगले औषध आणि दोनदा धुणे यांनी काम भागते. वापरलेच तर खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ उदबत्ती, लोबान, विडी काही पेटते नसावे. ही वाफ लगेच पेट घेते आणि यंत्राच्या मोटारीत ठिणगी असतेच. सुताराचे निळे-जांभळे स्पिरिट तर व्हिनाइललाही लावू नये.

धुण्याची रीत

प्रथम कोरडी धूळ मऊ ब्रशने काढावी. नाहीतर तिचा चिखल होतो. ७८ असेल तर उजेडात तिरपी धरून केसासारखी चीर आहे का पाहावे. चिरेतून पाणी आत गेले की आतली पूड फुगते, काही जुन्या कोलंबिया तबकड्यांच्या पोटात तर कागदाचा थर असतो. चीर असलेली ओली करू नये, कोरडीच पुसावी आणि तसे सांगून विकावी.

रेकॉर्ड यंत्रावर ठेवून मधले झाकण घट्ट करावे, त्याने लेबल झाकले जाते. जुन्या लेबलांची शाई पाण्याने फुटते आणि लेबल गेलेल्या रेकॉर्डची ओळखच गेली. मग थाळी फिरत असताना द्रावण पट्टीसारखे ओतावे. ते लेबल सोडून सर्वत्र पसरले पाहिजे, कडेवरून गळता कामा नये. ब्रश चरांच्या दिशेनेच, म्हणजे फेऱ्याबरोबर, ठेवावा. आडवा घासू नये. हाताचा भार टाकू नये. व्हिनाइलवर द्रावण एक-दोन मिनिटे राहू द्यावे, चिकट मळाला भिजायला वेळ लागतो. लाखेला एवढा वेळ देऊ नये, ब्रश फिरला की लगेच ओढून घ्यावे. उलट दिशा असेल तर उलटही फिरवावे.

आता शोषण. दांडी टेकवून मोटार चालू करावी, दोन फेरे, फारतर तीन. इथे नवशिका चुकतो. रेकॉर्ड अगदी कोरडी व्हावी म्हणून तो आठ-दहा फेरे फिरवत राहतो. कोरड्या व्हिनाइलवर मखमल घासली की वीज साठते आणि ती वीज हवेतील धूळ पुन्हा ओढून घेते, धुतलेली रेकॉर्ड दहा मिनिटांत केसाळ होते. जरासा ओलसरपणा राहिला तर रॅकवर उभी ठेवून वाळू द्यावी.

त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा तीच क्रिया, औषध मागे राहू नये म्हणून. हा दुसरा हात घाईत टाळला जातो आणि मग वाजवताना सुईवर पांढरट लोण्यासारखा गोळा जमतो. धुण्याची आणि खळबळण्याची मखमल वेगळी ठेवता आली तर उत्तम.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या, बुरशी लागलेल्या कागदी पिशवीत परत घालणे म्हणजे न्हाऊन मळके कपडे घालणे. नवीन आतली पिशवी द्यावी. ती पॉलिथिनच्या अस्तराची असावी. जाड, वास येणारे पी.व्ही.सी.चे प्लॅस्टिक नको, त्याने वर्षानुवर्षांत रेकॉर्डवर धुके धरते. मूळ चित्राचे कव्हर मात्र टाकू नये, गिऱ्हाईक अर्धे पैसे त्याचेच देते.

हिशेब

दोन्ही बाजू, दोनदा धुणे, वाळवणे हे सगळे धरून एका रेकॉर्डला दहा मिनिटे लागतात. तासाला सहा. मोटारही तापते, म्हणून आठ-दहा रेकॉर्डींनंतर तिला विसावा द्यावा. आवाज मिक्सरच्या भांड्याइतका होतो, छोट्या गाळ्यात गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. दुकान उघडण्यापूर्वीचा तास यासाठी बरा.

समजा, यंत्र सर्व खर्चासह ४५ हजारांना पडले. त्यावर तीन वर्षांत तीन हजार रेकॉर्डी धुतल्या तर नगाला १५ रुपये पडतात. तीनशेच धुतल्या तर १५० रुपये. ज्याचा माल दोनशे-तीनशेत विकला जातो त्याने दुसऱ्या हिशेबात यंत्र घेणे म्हणजे नफा यंत्रवाल्याला देणे होय. हप्त्यावर घेऊन वर व्याज भरण्याचा तर आम्ही विचारही सुचवणार नाही. त्यापेक्षा तीन-चार शेजारी दुकानदारांनी भागीदारीत एक यंत्र घ्यावे. यंत्र कोणाच्या गाळ्यात राहील, पट्ट्यांचा आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, बाहेरच्या संग्राहकांच्या रेकॉर्डी मजुरीने धुऊन दिल्या तर ती कमाई कोणाची, कोणी बाजूला झाला तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरवायची, हे सारे पहिल्या दिवशी कागदावर लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. देवघेव लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने दिलीच आहे, आणि भागीदारीत झालेली भांडणे आम्ही पाहिली आहेत ती बहुधा न लिहिलेल्या कलमांवरूनच. मसुदा एखाद्या जाणत्या आलिमास दाखवावा.

बाहेरच्या मजुरीची गोष्ट आम्ही सहज लिहिली नाही. संग्राहकाकडे पाचशे रेकॉर्डी असतात आणि यंत्र नसते. नीट धुऊन देणारा, लाख आणि व्हिनाइल यांत फरक जाणणारा माणूस त्याला मिळत नाही. एखाद्या तरुणाला थोड्या भांडवलात हे काम करता येईल.

धुतले म्हणजे नवे झाले नाही

यंत्र मळ काढते, झीज भरून काढत नाही. ७८ च्या रेकॉर्डी पोलादी सुईने वाजत, सुई दर खेपेस बदलायची असे. घराघरांत मात्र एकच सुई महिनाभर चाले आणि ती चराच्या भिंती कुरतडे. अशी रेकॉर्ड धुतल्यावर काळीभोर दिसते आणि वाजवली की मोठ्या आवाजाच्या जागी चिरकते. व्हिनाइलवरची रेघ नखाला लागत असेल तर ती कोणत्याही औषधाने जाणार नाही.

बाजारात याउलट कारभारही चालतो. रेकॉर्डवर खोबरेल तेलाचा किंवा बूट पॉलिशचा हात मारून चकाकी आणतात. तेल सुईला चिकटते, धूळ धरते आणि गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर चार दिवसांत सगळे उघड होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, ती हकीकत आपण सर्वांनी खुत्ब्यात ऐकली आहे. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले तेव्हा भिजलेले वर का ठेवले नाही, असे त्यास विचारले गेले. धुऊन चमकवलेली झिजलेली रेकॉर्ड हीही तशीच रास आहे. म्हणून धुतल्यावर प्रत्येक रेकॉर्ड दोन्ही बाजू थोडी थोडी वाजवून पाहावी आणि पिशवीवर चिठ्ठी लावावी. धुतली आहे, दुसऱ्या गाण्यात रेघ आहे, शेवटी चिरकते, असे साध्या शब्दांत. अशी चिठ्ठी लावणाऱ्या एका दुकानदाराला आम्ही ओळखतो. त्याच्याकडे परगावचे गिऱ्हाईक माल न पाहता पैसे पाठवते.

आता यंत्राची निगा. रोज काम संपल्यावर टाकी रिकामी करावी. तसेच राहिलेले पाणी पावसाळ्यात दोन दिवसांत वास मारते आणि काठोकाठ भरली तर मोटारीत शिरते. मखमलीच्या पट्ट्या प्रत्येक रेकॉर्डनंतर बोटाने चाचपाव्यात. एक वाळूचा कण त्यात अडकला तर पुढच्या साऱ्या रेकॉर्डींवर गोल रेघ उमटेल. पट्ट्या लहान ब्रशने झाडाव्यात, आठवड्याला डिस्टिल्ड वॉटरने धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि लव बसली की बदलाव्यात. ७८ साठी वापरलेली दांडी, ब्रश आणि द्रावणाची बाटली वेगळी ठेवून तिच्यावर मोठ्या अक्षरात "लाख" असे लिहून ठेवावे, म्हणजे दुकानातला पोऱ्या घाईत चुकीची बाटली उचलणार नाही.